नानांसाठी केलेले झुकिनीचे कोफ्ते

मी पुन्हा कोफ्ते करतो म्हणालो ना, तर हा चहाचा कपसुद्धा माझ्या हातातून काढून घ्या.

मागच्या महिन्यात अमळनेरहून आमचे सासरे, नाना, जळगावला आले. मी फोनवरच फुशारकी मारलेली, "नाना, शेवभाजी काय नेहमीचीच. या वेळी माझ्या हातचे झुकिनीचे कोफ्ते!"

बायको म्हणाली, "किसाला पाणी सुटतं, पिळून घ्या."

मी म्हटलं, "व्हिडिओ मी बघितलाय की तू?"

तळले तेव्हा कोफ्ते झकास दिसत होते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडले, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी उघडून बघतो, तर एकही कोफ्ता शिल्लक नाही! सगळे विरघळून नुसता रस्सा घट्ट झालेला. बाहेर ताटं मांडलेली. बायकोनं डब्यातली तिखट शेव काढली आणि वरून टाकली.

नानांनी दोनदा मागून घेतली. वाचलो बुवा, असं मी म्हणतोय तोच त्यांनी ताट पुढे केलं.

"जवाईबापू, शेवभाजी एक नंबर व्हयनी. पन पोटमा जागा ठेयेल शे. आते तुमना कोफ्ता आना!"