बिअरचे पातेले लखलखीत घासल्याबाबत

नाव डोरीन पावलाक, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी (शाळेचे स्वयंपाकघर), राहणार माल्कम रस्ता, शीबॉयगन, विस्कॉन्सिन.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती ग्लेन यांच्यासह राहते. ते हौसेने गॅरेजमध्ये बिअर करतात. मी त्यांचे बिअरचे पातेले मुद्दाम खराब केले, अशी त्यांनी तक्रार दिली आहे.

सदर पातेले ॲल्युमिनियमचे, मोठे आहे. नवे आणले तेव्हा ग्लेन यांनी त्यात काठोकाठ पाणी भरून तासभर उकळले. आतली चकाकी जाऊन करडा थर धरला. हा थर म्हणजे पातेल्याचे कवच, त्यामुळे बिअरला धातूची चव लागत नाही, असे त्यांनी मला सांगितले. तेव्हापासून ते पातेले स्वतः कोमट पाण्याने धुतात, मऊ फडक्याने टिपतात. थर निघतो म्हणून तारेची घासणी आणि डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर वर्ज्य. आमचा मुलगा तान्हा असताना त्याला त्यांनी कधी न्हाऊ घातल्याचे मला आठवत नाही.

एकदा मी त्यात आजारी आईसाठी कोंबडीचा रस्सा केला. भांड्याला तेलकटपणा राहिला तर बिअरवर फेस टिकत नाही, म्हणून ग्लेन आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे आई वारली. दफनाच्या दिवशी त्यांनी बिअरचे आधण चढवले होते. उकळी सोडून येता येत नाही, असे म्हणाले. ते आले तेव्हा लोक पांगले होते.

गेल्या शनिवारी त्यांच्या बिअर मंडळाचे मित्र गॅरेजमध्ये जमले. मी सॉसेज घेऊन गेले. ग्लेन त्यांना म्हणाले, "पातेलं सांभाळा रे. हिला काळं दिसलं की हिचे हात शिवशिवतात. जन्मभर शाळेची भांडी घासली, पण अक्कल काही चकाकली नाही." सगळे हसले. मीही हसले. त्याचा मला अजून राग येतो.

रविवारी ते मासे धरायला गेल्यावर मी पातेल्यात कढत पाणी व सदर पावडर घालून भिजत ठेवले. नंतर तारेच्या घासणीने तळापासून काठापर्यंत घासले. लखलखीत झाल्यावर जागेवर पालथे घातले.

पुन्हा पाणी उकळले की थर परत धरतो, हे खरे आहे. ग्लेन यांना ते माझ्याआधीपासून माहीत आहे. तरी ते पाणी उकळायच्या ऐवजी ठाण्यावर आले.

आज बाहेर बाकावर ते मला म्हणाले, "चुकून झालं म्हण. मी तक्रार मागे घेतो, घरी जाऊ. तुला कुठे कळतंय त्यातलं?"

मी म्हणाले, "तू जा. मला वेळ लागेल."

अंमलदार साहेबांनीही समजावले, "डोरीनबाई, भांडं घासणं हा काय गुन्हा झाला? नकळत झालं म्हणून लिहितो. मिटवून टाका ना." त्यांचा हेतू चांगला होता.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पावडरीचा परिणाम माहीत नसल्याने" असे लिहिले होते. ते शब्द मी खोडायला लावले आणि खोडल्या जागी सही केली. मला सगळे माहीत होते. बाकी मजकूर बरोबर आहे.