तिचा नवरा

मैमुना : काय बोलली ती? अगो दर्शना, तोंड तरी उघड. फोनवर काय बोलली?

दर्शना : कट झाला, भाभी. मध्येच कट झाला.

मैमुना : कट व्हायच्या आधी काय बोलली?

दर्शना : प्लांटवर आग लागलीय. ते खरं आहे.

मैमुना : ते मना पण ठाव हाय. खालच्या मलबारी दुकानवाल्यानं सांगितलान, म्हणून तर गॅस बंद करून धावत वर आले तुज्याकडे. पुढं काय?

दर्शना : एक जण हॉस्पिटलमध्ये आहे म्हणाली. भाजलाय. हात... तोंडसुद्धा बहुतेक.

मैमुना : कोण?

दर्शना : नाव नाही सांगितलं.

मैमुना : नाव नाय सांगितलान, मग काय सांगितलान? त्या प्लांटवर मुंग्यांसारखी माणसं हायत. कोणतरी एक भाजला म्हणून तुज्याकडे इंग्रजी शिकणारी ती इटलीवाली तुना कशाला फोन करील? माज्याकडे बघ. जे शब्द बोलली ते सांग. जसेच्या तसे.

दर्शना : "एर हजबंड इन ओस्पिटल. बर्न."

मैमुना : म्हणजे काय?

दर्शना : हर हजबंड. तिचा 'ह' मधूनमधून गळतो. तिचा नवरा हॉस्पिटलमध्ये आहे.

मैमुना : या अल्ला! तिचा? त्या इंजिनीअर साहेबाला झालं काय?

दर्शना : नाही. स्वतःचा असता तर 'माय' म्हणाली असती. तेवढं तिला पक्कं येतं. 'माय हजबंड टेलिफोन मी' असं आधी म्हणाली. म्हणजे साहेबांनीच प्लांटवरून तिला फोन केला. साहेब ठीक आहेत.

मैमुना : साहेब ठीक. मग तिचा म्हणजे कुणाचा?

दर्शना : थांबा, मी लावते तिला परत.

मैमुना : लाव, लाव.

दर्शना : बिझी.

मैमुना : तुज्या विश्वनाथच्या मोबाइलवर लाव. नाय तर आमच्या नबीलच्या अब्बांच्या.

दर्शना : दोघांचे मोबाइल गेटवरच्या खोक्यात असणार, भाभी. गॅसच्या जागी आत नेऊ देत नाहीत. तरी बघते... वाजतोय. नुसता वाजतोय. कुणी घेत नाही.

मैमुना : तिकडे खोक्यात सगळ्यांचे वाजत असतील.

दर्शना : असं नका ना बोलू.

मैमुना : पुन्हा लाव तिला.

दर्शना : बिझीच येतंय. आत्ता सगळं दम्माम फोन करत असणार.

मैमुना : दर्शना, मी शिकलेली नाय. पण मना एवढं सांग. ती बोलत होती तुज्याशी. तुज्याशी बोलताना 'तिचा' म्हणाली. तुजा असता तर 'तुजा' म्हणाली असती ना? मग ही 'ती' कोण? त्या बाईला आपल्यातल्या दोघीच ठाव हायत. एक तू, आणि ईदनंतर तू मना त्यांच्या कंपाउंडमध्ये नेलीस तेव्हा पाहिलेली मी. सांदणं दिली होती मी तिला. खाऊन माजा हात धरला होतान.

दर्शना : भाभी, आधी खाली बसा.

मैमुना : तिचा म्हणजे माजा. तू सांगत नायस, म्हणून मी सांगते. माजा.

दर्शना : बसा हो. पाणी आणते.

मैमुना : पाणी नको मना! स्कॅफोल्डिंगवर असतात ते. उंचावर. आग खालून वर जाते ना गो? सकाळी डबा घेताना बोलले, आज वरच्या पट्टीचं काम हाय, उतरायला उशीर होईल. मी बोलले, कायम उशीरच असतो तुमचा. एवढंच बोलले. फिरून बघितलं पण नाय.

दर्शना : असं काही नसेल. हात भाजलेत म्हणाली, म्हणजे माणूस जिवंत आहे. हॉस्पिटलमध्ये आहे म्हणजे डॉक्टर आहेत समोर. आता भाजण्यावर औषधं चांगली आलीत. माझ्या मावसभावाचा पाय स्टोव्हने भाजला होता, आज खूणसुद्धा दिसत नाही. बदरुद्दीनभाईंचं शरीर काटक आहे. बघाल तुम्ही.

मैमुना : हां.

दर्शना : नबीलची स्कूलबस आली की त्याला इथेच वर बोलावू. मी जेवायला घालते त्याला. तुम्ही त्याची काळजी करू नका.

मैमुना : हां.

दर्शना : आणि कंपनीचा विमा असतो सगळा. हॉस्पिटलही मोठंच असणार—

मैमुना : किती छान बोलतेस गो.

दर्शना : म्हणजे?

मैमुना : मघाशी फोन ठेवलास तेव्हा तुजा आवाज थरथरत होता. आता नाय थरथरत.

दर्शना : भाभी...

मैमुना : तुना बोल लावत नाय मी. नुसतं सांगितलं.

दर्शना : भाभी, एक गोष्ट मी सांगितली नाही तुम्हाला.

मैमुना : कसली?

दर्शना : इटालियन भाषेची. त्यांच्यात त्याचा, तिचा आणि आपला, तिन्हीला एकच शब्द आहे. 'सुओ'. समोरच्या माणसाशी आदरानं बोलायचं असलं की ते त्याला 'तू' म्हणत नाहीत, 'ती' म्हणतात.

मैमुना : समोर बसलेल्या माणसाला 'ती'?

दर्शना : हो. पुरुष असला तरी 'ती'च. आपल्याकडे नाही का, मोठ्या माणसाला विचारतात, आपले यजमान काय करतात? म्हणजे विचारणाऱ्याचे नाही, ऐकणाऱ्याचे. तसंच त्यांचं. ती मला शाळेतल्या बाईंसारखी मानते, 'माएस्त्रा' म्हणते. पहिल्या दिवशी मला तिनं विचारलं, 'हाउ इज हर हजबंड?' मी इकडेतिकडे बघायला लागले, कुणाचा नवरा विचारतेय ही? तिला म्हणायचं होतं, तुमचे मिस्टर कसे आहेत.

मैमुना : थांब. थांब जरा. म्हणजे 'तिचा' म्हणून तुजा?

दर्शना : तेव्हा म्हणायची तसं. सुरुवातीला. मग मी घोटून घेतलं तिच्याकडून. तिच्याकडे बोट दाखवायचे, माय. मी स्वतःकडे बोट करायचे, युअर. खिडकीतून त्यांची मोलकरीण दिसायची, तिच्याकडे, हर. दर मंगळवारी.

मैमुना : आणि आता? आता चुकते काय?

दर्शना : आता नाही चुकत.

मैमुना : नक्की?

दर्शना : सुधारलंय तिचं.

मैमुना : म्हणजे तू तिला नीट शिकवलं असशील, तर माजा. नीट शिकवलं नसशील, तर तुजा.

दर्शना : भाभी, असं काय हो बोलता!

मैमुना : हिशोब तोच हाय ना? मग बोल. कसं शिकवलंस?

दर्शना : मी... मी नीट शिकवलंय.

मैमुना : बरं.

दर्शना : मी काय करू? मला बीएडला हेच शिकवलं, हेच येतं मला. मी मन लावून शिकवलं तिला.

मैमुना : बरं, गो. रडू नको. नीटच शिकवलं असशील. बदरुद्दीन परकारची बायको हाय मी, झेपेल मना. समुद्रावर गेलेले आमच्या घरातले दोघं परत आले नव्हते. माजी सासू चूल पेटवायची आणि बोलायची, पोरांना भूक लागते, रडायला रात्र पडलीय. मी मनात फातिहा म्हणते, तू लावत राहा फोन.

दर्शना : बिझी... बिझी... भाभी.

मैमुना : लागला?

दर्शना : नाही. भाभी, ती मंगळवारी चुकली होती.

मैमुना : कुठल्या?

दर्शना : ह्याच. परवाच्या. मी निघताना दारात म्हणाली, 'सॅल्यूट टू हर हजबंड.' म्हणजे माझ्या नवऱ्याला नमस्कार. मी ड्रायव्हर थांबलाय म्हणून दुरुस्त न करता तशीच निघाले. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते आठवत होतं. स्पष्ट आठवत होतं. आणि तरी मी...

मैमुना : मग आता?

दर्शना : आता मला काहीच माहीत नाही. घाबरलं की माणूस आपल्याच भाषेत जातं. ती किती घाबरली होती ते मी ऐकलंय. कुणाचाही असू शकेल. माझे हातपाय गार पडलेत, भाभी. विश्वनाथ सकाळी उठवत होता मला. मी म्हटलं, झोपू दे ना जरा. तो चहासुद्धा स्वतः करून घेऊन गेला.

मैमुना : इकडे ये. इथं माज्याजवळ बस. हात दे.

दर्शना : तुमचेही गारच आहेत.

मैमुना : असू देत. दोन गार हात एकत्र केले तर कायतरी होईल.

(फोनची घंटा वाजते. दोघींपैकी कुणीच लगेच उचलत नाही.)

मैमुना : उचल गो. बिस्मिल्ला म्हण आणि उचल.

दर्शना : हॅलो? ग्राझिएला?

ग्राझिएला : दर्शना! माएस्त्रा! लाइन इज बॅड. आय टेलिफोन, टेलिफोन, नो लाइन!

दर्शना : ग्राझिएला, लिसन. स्लोली. व्हू इज इन हॉस्पिटल?

ग्राझिएला : इज बर्न. दी ॲन्ड्स. दी फेस, लिटल. दी आइज डोन्ट नो—

दर्शना : व्हू? टेल मी द नेम. ओन्ली द नेम.

मैमुना : काय म्हणते?

दर्शना : हात, तोंड... डोळ्यांचं अजून माहीत नाही. ग्राझिएला, द नेम! हर हजबंड? मैमुनाज हजबंड?

ग्राझिएला : नो! नो, नो मैमुना. नॉट शी. माएस्त्रा, आय से बॅड. आय से 'एर', इज नॉट 'एर'. इज 'युअर'. युअर हजबंड. विस्वनात. सॉरी, सॉरी, आय से बॅड...

मैमुना : माजं नाव घेतलंन तिनं. काय बोलली? दर्शना? माजं नाव का घेतलंन?

दर्शना : तुमचा नाही.

मैमुना : काय?

दर्शना : तुमचा नाही, भाभी. विश्वनाथ.

मैमुना : अल्ला... अल्ला. दे, फोन धरते मी. पडेल तो. दर्शना, भिंतीला टेक. ती अजून बोलतेय, ऐक तिचं. ऐक, मना कळत नाय, तुनाच ऐकायला हवं.

दर्शना : हं. येस, ग्राझिएला. आय ॲम हिअर.

ग्राझिएला : इज अलाइव्ह, दर्शना. ही... ही इज अलाइव्ह. माय हजबंड इज देअर, इन ओस्पिटल. ही सी युअर हजबंड. युअर हजबंड स्पीक. ही आस्क, व्हेअर इज दर्शना. ही स्पीक... ही स्पीक्स. ही स्पीक्स!

दर्शना : येस. ही स्पीक्स.

मैमुना : काय? काय म्हणते?

दर्शना : बोलतोय, भाभी. तो बोलतोय. मी कुठे आहे विचारतोय.

मैमुना : शुक्र हाय. विचार तिला, कुठलं हॉस्पिटल. आणि... नबीलचे अब्बा कुठं?

दर्शना : ग्राझिएला, व्हिच हॉस्पिटल? ...ओके. ओके, आय नो. ॲन्ड बदरुद्दीन? मैमुनाज हजबंड?

ग्राझिएला : ही इज गुड. ही कम इन ॲम्ब्युलन्स विद युअर हजबंड. ही इज विद इम. ऑल टाइम. ही नॉट गो होम.

दर्शना : थँक यू. थँक यू, ग्राझिएला. ...भाभी, बदरुद्दीनभाई बरे आहेत. ॲम्ब्युलन्समधून तेच आले विश्वनाथबरोबर. त्याच्याजवळच बसून आहेत.

मैमुना : बसू देत. आता उठ. हारूनला फोन करते मी. माजा भाऊ, बेकरीची पिकअप चालवतो, आत्ता माल टाकून मोकळा झाला असेल. असरच्या नमाजाची बांग व्हायच्या आधी निघू, नाय तर रस्त्यावर गर्दी, अडकून पडू.

दर्शना : तुम्ही नका येऊ. नबील येईल शाळेतून.

मैमुना : नबीलला मलबारी बसवील दुकानात, बिस्किट देऊन. तू एकटी हारूनच्या गाडीत कशी बसशील? वाटेत पोलिसांनी विचारलं, ही तुजी कोण, तर तो काय सांगेल? मी मधे बसते. हॅलो, हारून? अरे, यल्ला, ताबडतोब बिल्डिंगखाली ये. सगळं गाडीत सांगते. नाय, तुजे भावजी बरे हायत. ये तू.

दर्शना : इकामा... माझा इकामा कुठे आहे? विश्वनाथच्या पाकिटात आहे का? भाभी, हॉस्पिटलमध्ये ओळखपत्र म्हणून तोच मागतील ना?

मैमुना : कपाटात बघ, मधल्या फळीवर. बायकांच्या वस्तू बायका कपाटातच ठेवतात. मिळाला? पर्समध्ये टाक. अबाया घाल. अगो, उलटा घालतेस. सरळ उभी राहा, मी बटणं लावते.

दर्शना : डोळ्यांचं काय झालं असेल?

मैमुना : ते डॉक्टर सांगतील. तुजा आवाज ऐकू येईल त्याला, आता तेवढं पुरे हाय. रडायचं असेल तर गाडीत रड. त्याच्यासमोर गेलीस की नको.

दर्शना : भाभी, मघाशी मी म्हटलं ना, नीट शिकवलंय म्हणून...

मैमुना : मान वर कर. गळ्याचं बटण राहिलं.

दर्शना : मला तुमच्याकडे बघवत नाही.

मैमुना : नको बघू. जिन्याकडे बघ, खालच्या मजल्यावरचा दिवा गेलाय. आणि ऐक, दर्शना. मना इंग्रजी येत असतं, तर मी पण तुना तेच सांगितलं असतं.