काकासाहेब भाऊजींचं लिव्हर

...आता तुम्हीच सांगा, माणसानं घरात बंदूक आणावी आन शेजाऱ्याला सांगू न्हाई, ह्याला काय म्हणायचं? साधा मिक्सर आणला तर लोकं गावाला बोलावून दाखवते, आन ह्या काकासाहेब भाऊजीनं जालन्याहून, मस्तगडातल्या कोणत्या तरी जुन्या घरातून, अख्खी बंदूक आणली, पोत्यात गुंडाळून, वर मेथीच्या जुड्या टाकून... मला वाटलं मेथीच आणली. मी त्यांच्या बायकोला, नंदाबाईला म्हणलंबी, बाई, एवढी मेथी काय करताल, वाळवताल का? तर ती नुसती हसली. सांगायचं ना मंग!

हां, आता तुम्ही म्हणताल, ही बाई भिंतीला कान लावून बसती. बिलकुल न्हाई. आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीबी एका विटेची. इकडं मी कांदा चिरला तर तिकडं नंदाबाईच्या डोळ्याला पाणी येतं. त्यात माझा काय दोष?

तर बंदुकीचं कारण म्हणजे हरणं. भाऊजीचं रान माळाला लागून. हरभरा घाट्यावर आला की कळपच्या कळप उतरतो, आन पुढं तो काळा, पिळाच्या शिंगाचा नर, असा डौलात येतो की जसा काही पंगतीचं आवतण आहे. भाऊजीनं डबडी वाजवली, बुजगावणं केलं, त्याला डोकं म्हणून मडकं ठेवलं, रानाभोवती जुन्या कॅशेटीची टेप ताणली, वाऱ्यानं भुणभुण करती ना ती... हरणं ती ऐकत ऐकत खायला लागली. मंग कचेरीत चकरा मारमारून शेतराखणीचं लायसन काढलं. तिथंबी साहेबानं बजावलं, हरणाला गोळी लागली तर सरळ आत जाताल, बार काढायचा तो वर, हवेत. आता हवेतच काढायचा तर कोणतीबी बंदूक चालली असती का न्हाई? पण भाऊजीच्या आज्याला निजामाच्या राज्यात शिकारीचा नाद होता म्हणे, ते डोक्यात. म्हणून ही निराळीच निवडली, खाली हापशासारखा दांडा असलेली. दांडा खाली ओढायचा, वर दाबायचा, की पुढची गोळी तयार. त्या दांड्याला म्हणते लिव्हर.

हे सगळं मला मागून कळालं. आधी आपल्याला लिव्हर माहीत ते एकच, पोटातलं.

तर त्या दिवशी दुपारी मी आपली तांदूळ निवडत बसल्ते, भिंतीपाशी, तिथं उजेड चांगला येतो म्हणून. तिकडून भाऊजीचा आवाज, एकदम पडलेला. "नंदे, लिव्हर जाम झालंय. वरखाली व्हयनाच."

नंदाबाई म्हणती, "तेल चोळून पाह्यलं का?"

"चोळलं. काही फरक न्हाई. मस्तगडात नेऊन दाखवावं लागंल."

"हळू बोला. धावड्याच्या पाव्हण्याच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल."

माझ्या हातातलं सूप तिथंच राह्यलं. तुम्हाला सांगते, भाऊजी माझ्या सख्ख्या दिरासारखे. ह्यांना साप चावल्ता तव्हा पाठीवर घेऊन पळालेला माणूस. आन त्यांची पुष्पा माझ्या मांडीवर खेळलेली पोरगी. धावड्याच्या बद्रीनाथरावांच्या पोराशी तिचं जमत आल्तं, घर लई चांगलं, सगळे माळकरी, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारे. आता अशा घराला कळालं की पोरीच्या बापाचं लिव्हर गेलं, तर ते काय म्हणतील? दारू, दुसरं काय. खरी भानगड निराळीच होती. माळकऱ्याच्या घराला कळू द्यायचं नव्हतं ते हे, की व्याह्यानं हरणासाठी बंदूक आणली. सांगायचं ना मंग!

मी उठले, मुळ्याचा रस काढला, तांब्या पदराखाली झाकून मागच्या दारानं गेले. भाऊजी एकटेच होते ओट्यावर. मी हळूच म्हणलं, भाऊजी, लिव्हरसाठी आणलंय. तर माणूस असा पांढराफटक पडला...

"वहिनी, तुम्हाला कळालं?"

"कळालं. पण माझ्या तोंडून कुठं जायचं न्हाई. कव्हापासून आहे?"

"जुनंच आहे. कैक वर्षं नुसतं पडून होतं, म्हणून अकडलंय."

मला रडूच आलं. म्हणलं, ह्याला उपाय काय सांगितला? तर म्हणते कसे, "रानात जाऊन गुपचूप एक बार काढला की मोकळं व्हईल."

बार! आता बार असतो भोकरदनला, श्टँडाच्या मागं. रानात कुठला बार? मला वाटलं बाटली नेऊन रानातच बसत्यात. मी हात जोडले, म्हणलं, भाऊजी, पोरीकडं पाहा, बाराचं नाव काढू नका, हा रस घ्या. त्यांनी तांब्यात डोकावून विचारलं, "हा वरून चोळायचा, का आत सोडायचा?" मी म्हणलं, आतच सोडायचा की, अनशापोटी. त्यांनी मान हलवली. आन तुम्हाला सांगते, त्या माणसानं तो सगळा रस बंदुकीत ओतला.

बरं, मी कोणाला बोलले का? एका शब्दानं न्हाई. फक्त गल्लीतल्या साळूबाईला विचारलं, की तुझी बहीण धावड्याला आहे, तिथं काविळीचं औषध देते म्हणे, ते लिव्हरला चालतं का? नाव घेतलं न्हाई कोणाचं. नुसतं म्हणलं, आमच्या भिंतीपलीकडच्या माणसाला पाह्यजे. आता भिंतीपलीकडं कोण राहतं हे साळूबाईला ठाऊक असंल तर त्याला मी काय करू?

दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथराव जीप करून हजर. मी साखर मागायला म्हणून गेल्ते तिथं, तव्हा सगळं माझ्या डोळ्यादेखत झालं. पाव्हण्यानं पाण्याला हात लावला न्हाई. म्हणले, "काकासाहेब, वाईट वाटून घेऊ नका. पण ज्या घरात बाटली, तिथं आमची पंगत बसणार न्हाई. तुमचं लिव्हर गेलंय म्हणे."

भाऊजीनं माझ्याकडं पाह्यलं. मी भिंतीकडं पाह्यलं.

आता सांगा, त्या माणसानं करायचं काय? न्हाई म्हणावं तर बंदूक निघती, गप बसावं तर दारू पदरात पडती. ज्यानं जन्मात चहा सोडून दुसरं प्यायलं न्हाई, तो मान खाली घालून बसला.

आन आतून पुष्पा आली. कधी मोठ्यानं न बोलणारी पोरगी, पण आली ती ते पोतं उचलूनच, सतरंजीवर बापापुढं ठेवलं, मेथीची वाळलेली पानं खाली सांडली. म्हणली, "बाबा, दाखवा तुमचं लिव्हर."

बद्रीनाथराव दोन पावलं मागं सरले. सगळं ऐकून घेतलं, हरणं, हरभरा, लायसन, तो दांडा. मंग तुळशीच्या माळेवर हात ठेवून म्हणले, दारू परवडली, पण मुक्या जिवावर गोळी? भाऊजी म्हणले, शप्पथ, नुसतं हाकलायचं. पाव्हणे म्हणले, चला मंग रानात, पाहू कसं हाकलता.

गेलो सगळे. जीपमधी जागा नव्हती, मी तरी बसले. हरणं होतीच, तो काळा नर पार मधोमध. भाऊजीनं आम्हाला मागं उभं केलं, बांधावर पाय रोवला आन दांडा ओढला... खटक. व्हयना. पुन्हा ओढला, खटक. आतून मुळ्याच्या रसाचा वास. नर मान वर करून पाहून राह्यला, जसा विचारतो, काय, जमना का? भाऊजीनं दात खाऊन दांडा असा हिसडला की बार आपोआपच निघाला. बंदूक वर व्हायच्या आत. गोळी गेली ती सरळ त्यांच्याच बुजगावण्याच्या मडक्यात, आन भाऊजी धक्क्यानं बसले ते बोरीच्या काट्यांत. हरणं उधळली खरी. बांध ओलांडून गेली आमच्या हरभऱ्यात.

मंग बद्रीनाथराव खाली वाकले, भाऊजीला हात दिला, काटे काढत काढत म्हणले, "काकासाहेब, तुमच्या हातून हरीण मरायचं न्हाई. पोरगी आमची. सुपारी फोडा."

झालं सगळं गोड. हरणं आता आमच्या रानात मुक्कामाला, पण मी काही बोलले का? शेजारधर्म आहे शेवटी.

आन काल पुन्हा... तांदूळच निवडत होते मी. लग्नाची घाई चाललेली, वरात दाराशी यायची, आन भिंतीपलीकडून भाऊजी म्हणते, "नंदे, घोडा बसला. तेल दिलं तरी हलंना."

मी म्हणलं, अरे देवा, वरातीचा घोडा! तेल दिलं म्हणजे नक्की पोट फुगलं असंल. ह्या वेळी मी कोणाला बिलकुल विचारलं न्हाई. ओवा घेतला, कडब्याची पेंढी काखेत मारली, आन तडक गेले.

भाऊजीनं माझ्याकडं पाह्यलं, पेंढीकडं पाह्यलं. आत गेले, बंदूक आणली, ओट्यावर आडवी ठेवली, बोटानं तिचा चाप दाखवला, आन ती पेंढी उचलून तिच्या तोंडापुढं सारली.

"चारा, वहिनी. तुमच्या हातचाच रस प्यायलाय त्यानं."

आता बंदुकीला घोडा असतो हे मला कोण सांगणार? सांगायचं ना मंग...