गाडगं माझ्या मांडीवर

हसा, हसा... पँट आखूड हाय ते मलाबी दिसतंय, घोटे उघडे पडलेत तेबी दिसतंय, पन ही माझी न्हाईच मुळी, मेव्हण्याची हाय, ह्या वैजनाथची. आता केडगावात लग्नाला येऊन दुसऱ्याची पँट घालायची पाळी ह्या कारभारीवर का आली, ते ऐकायचं असंल तर बसा निवांत, पंगतीला अजून टाईम हाय. तुमाला सांगतो, हे सगळं झालं दह्यापायी.

आमचा पोरगा अंगद कोस्ट गार्डात हाय, हे तर तुमाला म्हाईतच हाय... न्हाई? बरं, तर हाय. देवळाली प्रवऱ्याचं पोरगं, पाटाचं पानी सोडून ज्यानं दुसरं पानी बघितलं न्हवतं, ते समुद्रावर नोकरीला! आनि आता त्याची बोट निघाली परदेशी, पार आफ्रिकेच्या बाजूला, कितीतरी महिन्यांसाठी. निरोपाला घरच्यांनी मुंबईला यावं म्हनून बोलावणं आलं. आता घरातलं कोनी लांब निघालं की आई हातावर दही ठेवती, तुमच्यातबी ठेवत असतील. पन अंगदच्या आईचं खूळ निराळं हाय. मागं एकदा पोरगं भरतीला दही न खाताच पळालं, आनि मैदानावर पाय मुरगाळून घरी आलं. तवापासून दह्याबिगर तिनं त्याला उंबरा वलांडू दिला न्हाई. मी म्हनलं, "अगं, मुंबईत दही मिळतं." तर म्हनती कशी, "इकतचं दही ठेवू पोराच्या हातावर? आपल्या गाईचं न्यायचं. तुमी फकस्त गाडगं धरा."

फकस्त! पहाटं निघालो, जीप वैजनाथची, ही मागं पाय पसरून, आनि गाडगं माझ्या मांडीवर.

आळेफाट्याला सगळे च्याला उतरले, मी न्हाई, कारन गाडगं. माळशेजची वळनं आली, वैजनाथ म्हनतोय, "दाजी, बाहेर बघा, काय धुकं हाय," आरं बाबा, कशाचं धुकं, मी गाडग्याच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याकडं बघतोय, सुटतंय का ऱ्हातंय... मान आखडली, पाय बधिर झाला, कल्यानच्या पुढं तर आपल्याला पाय हाय का न्हाई हेच कळंना, पन गाडगं माझ्या मांडीवर.

कसंबसं गोदीच्या गेटावर पोचलो. तिथला शिपाई वाकून म्हनतो, "अंकल, इसमें क्या है?" म्हनलं, दही. "दही?" म्हनलं, व्हय, लडके का दही. त्यानं फडकं सोडलं, वास घेतला, हसला, म्हनला जाव. अन् मी फडकं परत बांधायच्या आत ह्या वैजनाथनं गाडी अशी हिसक्यानं उचलली की दह्याचा ह्यो गोळा, थेट माझ्या पँटीवर! माझी एकुलती एक चांगली पँट. मी पुसाया गेलो तर मागनं आवाज, "अवो, हात भरवू नका, गाडगं निसटंल! येवढं एक काम दिलं हुतं तुमाला." नगं तर नगं. तसाच उतरलो.

आत बघतो तर काय ती बोट! पांढरीफेक, वर भगवा पट्टा, बँड वाजतोय, अन् पोरं वळीनं उभी, सगळी पांढऱ्या कपड्यात, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. सायेब म्हनले, भेटून घ्या. आता हिला त्यात अंगद वळखंना. गेली आपली पहिल्या टोकाकडनं बघत, हातात चमचा. तर पहिलाच एक पोरगा, ओडिशाकडचा, त्याचं कोनीबी आलं न्हवतं हो, त्यानं चमचा बघितला अन् गपचिप हात पुढं केला.

ती काय न्हाई म्हनंल? ठेवलं दही. मग दुसऱ्यानं हात केला, तो केरळचा. मग तिसऱ्यानं. भाषा कळत न्हाई, पन दही सगळ्यांना कळतंय. ही आपली पुढं पुढं, "नीट जा बाळा, नीट ये बाळा." मी मागनं गाडगं धरून. खाली बघतोय, आतलं दही संपत चाललंय. दोनदा खोकलो मी. ऐकती का?

आनि वळीत अगदी शेवटी कोन? अंगद.

त्यानं हात पुढं केला. हिनं गाडग्यात चमचा घातला तर नुसता खरखर आवाज. वाकडं केलं, उलटं केलं... काय न्हाई. तिचं तोंड असं उतरलं की सांगता सोय न्हाई. तेवढ्यात पोरगं माझ्या पाया पडाया वाकलं, आनि उठता उठता माझ्या मांडीवरचं दही बोटानं निरपून घेतलं, आईच्या हातावर ठिवलं, अन् आपला हात तिच्यापुढं धरून म्हनलं, "आई, दे." तिनं दिलं. त्यानं खाल्लं. बोट गेली.

आता म्हनती, पोरगं घरी येईस्तवर ती पँट धुवायची न्हाई. खुंटीला टांगलीय, वर डाग तसाच. हिच्या माघारी धुवावी म्हनून परवा खुंटीपर्यंत गेल्तो मी... आनि हात लावून परत आलो.

चला, पंगत बसली. वैजनाथ, मला ताक वाढू नगं रे, ही पँट तुझी हाय.