दुकान बंद होणार, या खेपेला खरंच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे प्रमुख, हार्डवेअरवाले. त्यांच्या शेजारी बसलेले औषधवाले, ज्यांनी आमच्या मित्राची जागा घेतली आहे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आमचे बूटवाले. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक. आणि या रस्त्यावरच्या तमाम दुकानदार बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी यांच्या समोरचा घड्याळवाला. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन यांचंच, अशी निम्मी हयात गेली. आधीच्या वक्त्यांनी यांचं जे कौतुक केलं, ते सगळं खरं आहे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या पायाचं माप यांच्या डोळ्यांत असायचं. लहान मुलाला बूट घातला की "आता पळून दाखव" म्हणणार, आणि मूल दुकानभर पळून आलं की मगच तो जोड खोक्यात जाणार. आईबाप घाईत असले तरी हे घाई करायचे नाहीत. पण निरोपाचं भाषण म्हणजे नुसतं गोडगोड बोलणं असेल, तर अध्यक्षांनी मला उठवायला नको होतं. घरून निघताना बायकोने बजावलं आहे, "जास्त बोलू नका." नाही बोलत. फक्त त्या फलकाबद्दल बोलतो.

पिवळं कापड, लाल अक्षरं. ‘दुकान बंद होणार! शेवटचे काही दिवस! सगळा माल निम्म्या किमतीत!’ आलं ना हसू? मला माहीतच होतं.

पण मंडळी, पहिल्यांदा तो लागला तेव्हा तो खरा होता. कोपऱ्यावर ते मोठं काचेचं दुकान उघडलं होतं आणि यांच्याकडे माशा मारायची वेळ आली होती. वहिनी तेव्हा होत्या. दोघांनी बसून ठरवलं, आता आवरायचं. फलक लागला आणि काय ती गर्दी! महिन्याभरात इतका माल गेला, की बंद करायचं कारणच उरलं नाही. आता मला सांगा, चालतं दुकान कोण बंद करतो? इथवर यांचं काहीच चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढच्या वर्षी. विक्री मंदावली आणि माळ्यावरचा फलक खाली आला. मग ती दरवर्षीची रीतच झाली. आदल्या दिवशी दुपारी नवरा-बायको खोकी पुढ्यात घेऊन बसायचे. खोक्यावर दुप्पट किंमत लिहायची, आणि शाई वाळायच्या आत लाल पेन्सिलीने ती खोडायची. मी एकदा म्हणालो, "अहो, ही किंमत अजून जन्मालाच आली नाही, तिला मारता कशाला?" वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. हे म्हणाले, "घड्याळवाले, काहीतरी खोडलेलं दिसल्याशिवाय गिऱ्हाईकाला चैन पडत नाही." आणि तुम्ही काय हसताय? इथे धुतल्या तांदळासारखा कोण आहे? ‘पन्नास टक्क्यांपर्यंत सूट’ यातला तो ‘पर्यंत’ आमच्या कापडवाल्यांच्या काचेवर शोधायचा, तर माझं घड्याळाचं भिंग लागतं. रागावू नका हो, कापडवाले, आज दिवसच तसा आहे.

तर ते आपण सगळ्यांनी चालवून घेतलं. रस्त्यावर म्हणच पडली. पाहुणा "निघतो, निघतो" म्हणत बसून राहिला, की आपण विचारायचो, "खरंच निघालात, की बूटवाल्यांसारखं?" हेही हसायचे. बूट टिकाऊ, भाव शेवटी रास्तच, मग बिघडलं कुठे, असं वाटायचं. कापडावरचं खोटं कापडावरच राहील, असं आपण धरून चाललो. ते घरात शिरेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ही लेक त्या खोक्यांच्या गल्ल्यांत लहानाची मोठी झाली. आज ती दुसऱ्या शहरात बुटांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण जीव इथे अडकलेला. वहिनी गेल्या, तेव्हा ती माझ्यादेखत वडिलांना म्हणाली होती, "बाबा, झेपेनासं होईल त्या दिवशी मला सांगा. नोकरी सोडून येईन. दुकान परक्याला द्यायचं नाही."

बूटवाल्याचा धंदा गुडघ्यांवर चालतो. दिवसभर गिऱ्हाईकाच्या पायाशी वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. यंदा यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. मी चहाला गेलो होतो, तेव्हा यांनी लेकीला फोन लावला. म्हणाले, "अगं, दुकान बंद करतोय."

पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं. "बरं बरं! यंदा किती टक्के?"

यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग हेही हसले. "निम्मे," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "अहो, तिला नीट सांगा."

"सांगितलं की. तिची इच्छा दिसत नाही. उगाच तिच्या गळ्यात कशाला मारू?"

इच्छा दिसत नाही! जी पोरगी या एका वाक्याची वर्षानुवर्षं वाट पाहत होती, तिला ते ऐकू आलं, आणि तिने ते हसण्यावारी नेलं. तिचं तरी काय चुकलं? आणि बाप मानी. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्यांना मागणं वाटलं. त्याच आठवड्यात त्यांनी औषधवाल्यांना शब्द दिला.

लेकीला खरं कळलं ते आपल्या मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवरून. परवा सकाळी ती आली आणि रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, बाळा."

"तुम्ही दरवर्षीच सांगता हो."

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, ऐकणाऱ्याला तरी सोपं गेलं असतं. औषधवाले तेव्हा टेप घेऊन भिंत मोजायला आले होते. त्यांनी टेप खिशात घातली. आज त्यांच्यासमोर सांगतो, माणूस मोठ्या मनाचा आहे. म्हणाले, "काका, माझी अजून एक फळीही लागलेली नाही. तुमचा शब्द मी तुम्हाला परत देतो. दुकान ताईंनाच राहू द्या." आमचे बूटवाले गुडघ्यांना न विचारता ताडकन उभे राहिले. इतका आनंद मी त्या तोंडावर वहिनी होत्या तेव्हाच पाहिला होता.

नेमक्या तेव्हाच दोन बायका दारावरून गेल्या. फलक वाचून एक दुसरीला म्हणाली, "यंदाही बंद होतंय वाटतं!" आणि दोघी हसत पुढे गेल्या.

लेक दाराशी जाऊन तो फलक बघून आली. मग म्हणाली, "नको बाबा. आता हे दुकान उघडं राहिलं, तर मी जन्मभर त्या फलकाची मालकीण होईन. मी लिहिलेली एकही किंमत कोणी खरी मानणार नाही. एकदा तरी तिथे लिहिलंय ते खरं होऊ दे."

हे पुन्हा खाली बसले. तिने पुढे होऊन त्यांच्या पायातला बूट नीट केला, आणि आम्ही दोघं, औषधवाले आणि मी, बाहेर येऊन उभे राहिलो. मला वाईट वाटतं, मंडळी. दुसरा शब्द नाही त्याला.

अध्यक्षांनी माझं इतकं ऐकून घेतलं, औषधवाल्यांनी आणि तुम्ही सगळ्यांनी कान दिलेत, मी आभारी आहे. जिभेला हाड नाही, कोणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि बूटवाले, आज संध्याकाळी तुमचं शटर खाली येईल. उद्यापासून लोक माझ्याकडे येतील आणि विचारतील, "समोरचं पुन्हा कधी उघडणार?" मी सांगेन, "आता नाही उघडणार." आणि ते हसून म्हणतील, "बरं बरं, पुढच्या आठवड्यात येतो."