वास घ्यायला मीच शिकवलं

रेखा पलंगावर थडथड उडत होती, तीन गोधड्या टाकल्या तरी तिची थंडी जाईना, आणि तेवढ्यात लॅबच्या मॅडमचा फोन आला, की मावशी, ज्या म्हशीच्या दुधाची तपासणीची बशी तुम्ही हाताळली ना, ती म्हैस रोगाने गाभडलेली होती, मालकाने आत्ता सांगितलं, दोघींनी लगेच रक्त तपासून घ्या. रेखा माझी सून, तिला तिसरा महिना. जनावरांचा गाभ पाडणारा तो रोग बाईला झाला तर काय, हे मला कुणी समजावायला नको होतं.

काय सांगू तुम्हाला, मी चौथी शिकलेली, लग्न करून खडकीला आले आणि जनावरांचे रोग तपासणाऱ्या लॅबमध्ये तीस वर्षं काचसामान धुतलं. जंतू वाढवायच्या चपट्या बश्या असतात, आमचे जुने साहेब त्यांचं झाकण उचलून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, मावशी, या जंतूला द्राक्षांचा वास येतो बघा. मीही शिकले. मोठमोठे शिकलेले मला विचारायचे, त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू. पुढे या मॅडम आल्या, त्यांनी बश्या हुंगू नका अशी पाटी लावली. मी म्हटलं, लावा, भिंतीला कुठे नाक आहे.

रेखा तिथेच टेक्निशियन लागली. त्या दुधाच्या बशीवर तीन दिवस काही उगवेना, चौथ्या दिवशी बारीक ठिपके दिसले. सोबतच्या कागदावर नुसतं दूध लिहिलेलं, म्हणून जंतू बाहेर येऊ नयेत अशा बंद कपाटात हात घालून करायचं काम तिने उघड्या टेबलावर केलं. म्हणाली, आई, हे काय असेल हो? मी म्हटलं, पुस्तकात काय बघतेस, हुंग. आधी मी हुंगलं, मग तिने. वास कसलाच नव्हता.

तीन आठवड्यांनी दोघींना ताप. संध्याकाळी चढायचा, घामाने अंथरूण ओलं, कंबर मोडल्यासारखी. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. हुंगल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही. मॅडमच्या फोननंतर सांगितलं. तो तसाच रिक्षा आणायला गेला.

दवाखान्यात रेखासमोरच डॉक्टरांना म्हटलं, मी हिला हुंगायला लावलं. ती तापातही म्हणाली, आई, गप्प बसा, माझं नाक काय तुम्ही धरून नेलं होतं?

दोघींच्या रक्तात तोच रोग निघाला. तिला पोटातल्या बाळाला चालतील अशा गोळ्या दिल्या, मला वेगळ्या. घरी आल्यावर ती मोरीत गेली की मी दाराला कान लावून उभी. ती आतून म्हणायची, अहो आई, पाणी तरी ओतू द्या. मी हलायची नाही. पाचव्या दिवशी आतून पाण्याचा आवाज आला नाही, मला हाक आली.

गोळ्या दोघींनी पुऱ्या केल्या. मी जगले, रेखा जगली. बाळ राहिलं नाही.