उन्हात ठेवलेलं खोकं

जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या कंपाउंडरचं लक्ष कागदात कमी आणि बाकावर जास्त होतं. तिथे बुटांचं खोकं मांडीवर घेतलेले एक आजोबा आणि मांजरवाल्या बाई बोलत होत्या.

"खोक्यात काय आहे, आजोबा?"

"दाढीवाला सरडा. लेकीचा. ती परदेशी गेली आणि हा माझ्या गळ्यात पडला."

"अगबाई! आजारी आहे?"

"महिनाभर अन्नाला शिवला नाही. काल हात लावला तर गार, लाकडासारखा. म्हटलं, संपलं. लेकीला फोन करायचा धीर होईना."

"मग?"

"खोक्यात घातला, अंगणात उन्हात ठेवला आणि खड्डा खणला. उचलायला वळलो, तर अंग काळंकुट्ट झालेलं आणि एक डोळा उघडा!"

"म्हणजे झोपला होता?"

"थंडीत झोपतात म्हणे हे, आणि ऊन शोषायला काळे पडतात. याआधी कधी झोपला नव्हता, मला कुठलं ठाऊक! मग त्याने पुढचा पाय उचलला आणि हळूच गोल फिरवला. लेक कामाला निघाली की तिला टाटा करायचा, तस्सा. मला तीन वर्षांत एकदाही नाही."

"बाई गं! काटा आला अंगावर. तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कुदळ टाकली आणि मीपण हात हलवला."

नंबर आला. वजन करायला कंपाउंडरने झाकण उचललं, आत बघितलं, आणि त्याचा पेन धरलेला हात आपसूक वर गेला.